खिशातला कॅमेरा आणि हाताचे शिक्षण

स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचे शालेय शिक्षण संपले की सुमारे दोन तृतीयांश मुलेमुली एखाद्या व्यवसायाच्या शिक्षणाकडे वळतात. आठवड्यातले तीन-चार दिवस ती बेकरीत, हॉटेलच्या भटारखान्यात किंवा सुतारशाळेत प्रत्यक्ष काम करतात आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत बसतात. या नावाजलेल्या व्यवस्थेत एक जुनी अडचण आहे. भट्टीपुढे काय घडले ते वर्गातल्या शिक्षकाला दिसत नाही, आणि वर्गात शिकवलेल्याची भट्टीपुढे आठवण निघेलच असे नाही. दोन्हीकडे हजर असतो तो एकटा शिकाऊ उमेदवार. म्हणजे दोन्ही टोके जुळवण्याचे अवघड काम ज्याला सर्वांत कमी अनुभव, त्याच्याच अंगावर पडते. मोबाईल तंत्रज्ञान या क्षेत्रात आले ते ही अडचण सोडवण्यासाठी.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाने दोन जुनी पुस्तके जवळ ठेवावीत. डोनाल्ड शॉन यांचे ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ 1983 मध्ये आले. काम करता करता होणारा विचार आणि काम आटोपल्यावर मागे वळून केलेला विचार, हा आज सर्वत्र वापरला जाणारा फरक त्यांनी रुजवला. पण त्यांची उदाहरणे वास्तुरचनाकार, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ, नगररचनाकार यांची आहेत. गवंडी आणि आचारीही विचार करतात, हे दाखवण्याचे काम पुढच्यांसाठी राहून गेले. दुसरे पुस्तक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचे, 1991 चे. युकातानमधल्या सुईणी आणि लायबेरियातले शिंपी त्यात भेटतातच. मला मात्र त्यातले अमेरिकेतल्या सुपरमार्केटचे खाटीक अधिक महत्त्वाचे वाटतात. तिथे काही दुकानांत मांस गुंडाळण्याचे यंत्र अशा जागी ठेवले होते, की त्यावर काम करणाऱ्या उमेदवारांना जाणते कारागीर मांस कापताना दिसतच नसत. त्यांच्यात शिकण्याची इच्छा किंवा कुवत कमी होती असे नव्हे. यंत्राची जागा चुकली होती. कार्यस्थळावरच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण उमेदवाराच्या वृत्तीवर फार बोट ठेवतो आणि त्याला काय दिसते, काय दिसत नाही, हे क्वचितच विचारतो.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथले संशोधक पिएर दिलनबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ‘ड्युअल-टी’ हा प्रकल्प सुरू केला तो कामाची जागा आणि शाळा जोडण्याच्या प्रश्नाला धरून. कामाच्या जागी अनुभव टिपायचा, शाळेत तो उलगडायचा, इतरांच्या अनुभवाशेजारी ठेवायचा आणि पुन्हा कामावर घेऊन जायचा, असे चक्र त्यांनी मांडले. या चौकटीत बेकरीच्या उमेदवारांनी आपल्या पाककृतींची वही फोनवर आणली: पावाचा फोटो, कृती, आणि काय जमले, काय फसले याची नोंद. इटालियन भाषक तिचिनो प्रांतात शिकाऊ आचाऱ्यांनी डोक्याला बांधलेल्या लहान कॅमेऱ्याने स्वतःचे काम टिपले आणि नंतर वर्गात त्याची चिकित्सा केली. पुस्तकी लेखनाचा ज्यांना धसका असतो अशा मुलांना चित्र आणि आवाज यांनी बोलते केले, ही मला या प्रयोगांची मोठी देणगी वाटते.

तरीही या क्षेत्राचा सर्वांत मोलाचा धडा मोबाईलने नव्हे, एका टेबलाने दिला. गोदाम-व्यवस्थापन शिकणाऱ्या उमेदवारांना नोकरीत खोकी हलवावी लागतात; गोदामाची आखणी करायला कोणी देत नाही. म्हणून ‘ड्युअल-टी’मध्ये एक टेबल बनवले गेले. त्यावर चिमुकल्या मांडण्या ठेवल्या की वरचा प्रोजेक्टर त्यांच्यामधून प्रकाशाच्या मालवाहू गाड्या फिरवून दाखवी. मुले रंगून जात. आखणी सुधारे, पण प्रकल्पातले संशोधक सोन दो-लेन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कागद-पेन्सिलवाल्या गटापेक्षा शिकणे काही वाढलेले दिसले नाही. मांडणी हलवून बघणे इतके सोपे झाले होते, की थांबून विचार करण्याची गरजच उरली नव्हती. मग शिक्षकाच्या हाती कागदाची कार्डे दिली गेली. कार्ड ठेवले की गाड्या थांबत, आणि पुढे काय होईल याचा अंदाज मुलांना आधी सांगावा लागे.

माझ्या मते या क्षेत्राचे सार त्या कार्डात आहे. कॅमेरा अनुभव साठवतो. मनन घडते ते कोणी तरी थांबवून विचारल्यावर. असे विचारणारा माणूस नसेल, तर हजार फोटो जमा होतात आणि कोणी ते उघडत नाही. म्हणून साधनाची निवड करण्याआधी विचारणाऱ्याचा वेळ ठरवावा, एवढा आग्रह मी इथे धरतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आयटीआयमध्ये जर्नल असतेच, पण ते अनेकदा शेजाऱ्याचे पाहून पुरे होते, कारण त्यात कृतीच्या ठरीव पायऱ्या लिहायच्या असतात. फिटरच्या विद्यार्थ्याने जॉबला गुण्या लावून तो उजेडात धरला, मधून येणाऱ्या प्रकाशाचा फोटो काढला आणि कानस कुठे डुलली ते आपल्या बोलीत अर्धा मिनिट सांगितले, तर ती नोंद त्याला दुसऱ्या कोणाची उतरवता येणार नाही. शिल्प निदेशकाला त्यावर एक नेमका प्रश्न विचारता येईल. त्यासाठी महागडे काही लागत नाही.

अडचणी अर्थात आहेत. यंत्राजवळ फोन धोक्याचा, म्हणून अनेक वर्कशॉपमध्ये त्याला बंदी असते आणि ती योग्य आहे. टिपण्याची वेळ यंत्र बंद झाल्यानंतरची. हात तेलकट असतात, मालकाला फोन म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. या साऱ्यांवर तोडगे निघतात. अवघड आहे तो नोंदींच्या मालकीचा प्रश्न. फसलेल्या जॉबचा फोटो शिकण्याचे उत्तम साहित्य आहे, आणि तोच फोटो पगारवाढ नाकारण्याचा पुरावाही होऊ शकतो. फोटोचा असा वापर होणार नाही हा भरवसा उमेदवाराला वाटला नाही, तर तो फक्त नीट जमलेल्या कामाचे फोटो काढील. कोणती नोंद कोणी पाहायची आणि कधी पुसायची हे उमेदवारांना सोबत घेऊन ठरवलेले प्रयोग आज हवे आहेत, आणि ते शिल्प निदेशक, मिस्त्री आणि मुकादम यांनी करायला हवेत. संशोधकांनी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन ते शिकून घ्यावेत.