खात्यावर सत्ता कोणाची? : १९२८ चा मुंबईतील गिरणी संप आणि व्यवस्थापक-कामगार संघर्ष

प्रस्तावना

मुंबईच्या कापडगिरण्यांतील १९२८ च्या सार्वत्रिक संपाचे वर्णन बहुधा दोन प्रकारे केले जाते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात तो साम्यवादी नेतृत्वाच्या उदयाचा टप्पा ठरतो, तर आर्थिक इतिहासात तो वेतनकपात व सुसूत्रीकरण यांना झालेला विरोध म्हणून नोंदला जातो. दोन्ही वर्णने चुकीची नाहीत. मात्र सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने काम बंद ठेवतात आणि त्या काळात दोन कोटींहून अधिक श्रमदिवस वाया जातात, तेव्हा त्यामागे केवळ नेत्यांची विचारसरणी किंवा पगाराचा आकडा एवढेच कारण असू शकत नाही. गिरणीच्या आत, प्रत्यक्ष खात्यात, हुकूम कोणाचा चालावा हा प्रश्न या संपाच्या मुळाशी होता, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. संप मिटल्यानंतरचे सहा महिने संपाइतकेच अशांत का गेले, याचा उलगडाही या प्रश्नाच्या आधारेच होऊ शकतो.

व्यवस्थापक, मास्तर आणि जॉबर

मुंबईतील गिरणीची मालकी भागधारकांची असली तरी कारभार मॅनेजिंग एजंटांच्या पेढीकडे असे. पेढीने नेमलेला व्यवस्थापक, त्याच्या हाताखाली कताई मास्तर व विणाई मास्तर, आणि त्यांच्या खाली हेड जॉबर व लाइन जॉबर अशी ही उतरंड होती. कामगाराचा रोजचा संबंध मास्तरापेक्षा जॉबरशी येई. भरती तोच करी, रजा तोच देई, बदली कामगारांपैकी आज कोणाला काम मिळणार हे सकाळी दाराशी तोच ठरवी, आणि या सर्वांबद्दल दस्तुरी घेई. स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. तेथे हाच अधिकार नायकिणीकडे असे.

ही व्यवस्था व्यवस्थापकाला सोयीची होती. माणसे कोठून येतात, कोठे राहतात, कोणाचे देणे लागतात, याची माहिती ठेवण्याची त्याला गरज नव्हती. तथापि या सोयीची किंमतही होती. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या औद्योगिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, जॉबरची सत्ता वाटते तितकी निरंकुश नव्हती. चाळ, खानावळ, सावकार, गाववाले या साऱ्यांच्या आधारावर ती उभी होती; कामगारांनी पाठ फिरविली तर जॉबरचे वजन मास्तरापुढेही उरत नसे. म्हणजे व्यवस्थापकाने आपला अधिकार ज्याच्याकडे सोपविला होता, तो मध्यस्थ स्वतःच गिरणगावाच्या मर्जीवर अवलंबून होता.

व्यवस्थापकाच्या हातातील थेट शस्त्रे म्हणजे दंड, बडतर्फी आणि पगार. पगार महिन्यातून एकदा, तोही पुढील महिन्याचे काही दिवस उलटल्यावर होई. त्यामुळे कामगाराची काही दिवसांची कमाई नेहमीच गिरणीकडे अडकलेली असे, आणि पूर्वसूचना न देता काम सोडल्यास ती जप्त होई. सदोष कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची प्रथाही रूढ होती. या प्रथेबद्दल कामगारांच्या मनात जी चीड होती, ती पगाराच्या दराबद्दलच्या नाराजीहून वेगळी होती. दोष सुताचा की हाताचा, याचा निवाडा मास्तर एकटाच करी, आणि त्यावर अपील नव्हते.

तीन मागांचा हिशेब

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर जपानी कापडाची स्पर्धा आणि रुपयाचा चढा विनिमय दर यांमुळे मुंबईचा गिरणी उद्योग अडचणीत आला. १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर केली. सुमारे अडीच-तीन महिन्यांच्या संपानंतर आणि सरकारने साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केल्यानंतर ती मागे घ्यावी लागली. सरसकट कपात पचत नाही हा धडा मालकांनी त्यातून घेतला. पुढे टॅरिफ बोर्डानेही १९२७ च्या अहवालात कार्यक्षमता वाढविण्यावर भर दिला. ससून गटाच्या गिरण्यांनी याच सुमारास नवी पद्धत लागू केली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ती पद्धत होती.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. माणशी उत्पादन वाढेल, उरलेल्या कामगाराला थोडे अधिक मिळेल, आणि सुतावरील मजुरीचा खर्च कमी होईल. कामगाराचा हिशेबही तितकाच सरळ होता. सहा मागांवर पूर्वी तीन विणकर लागत, आता दोन लागणार. तिसरा घरी जाणार. दोन बाजूंच्या पद्धतीत तर निम्मे कामगार फालतू ठरत होते. जो उरेल त्याची स्थितीही कापसावर अवलंबून होती. हलक्या कापसाच्या मिश्रणातून निघालेले सूत वारंवार तुटे, आणि तुटलेला धागा जोडण्यातच वेळ जाई. खात्यातील दमटपणा योग्य नसेल तर तुटण्याचे प्रमाण आणखी वाढे. कापसाची खरेदी, मिश्रण आणि हवामान यांपैकी काहीही कामगाराच्या हाती नव्हते. परिणाम मात्र त्याच्या हजेरीपटावर व कापडावर नोंदला जाई. कताई खात्यात रोजंदारी आणि विणाई खात्यात नगावर मजुरी असल्याने विणकराला ही झळ थेट पगारात लागत असे. त्यातच नव्या, अधिक बारीक जातीच्या कापडाचे दर व्यवस्थापक परस्पर ठरवू लागले होते. या संपात विणकर सर्वांत पुढे होते, त्याचे कारण येथे सापडते.

संपाचे महिने

ससून गटातील तुरळक संपांचे रूपांतर एप्रिल १९२८ च्या उत्तरार्धात सार्वत्रिक संपात झाले, आणि २६ एप्रिलपर्यंत जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या. मे महिन्यात श्री. अ. डांगे, आर. एस. निंबकर, शां. स. मिरजकर, के. एन. जोगळेकर प्रभृतींनी गिरणी कामगार युनियनची स्थापना केली. अर्जुन आळवे व गो. रा. कासले हे स्वतः गिरणीत काम केलेले कार्यकर्ते तिच्या अग्रभागी होते, ही गोष्ट बाहेरच्या नेत्यांच्या चर्चेत अनेकदा झाकोळली जाते. ना. म. जोशी यांची मवाळ संघटनाही संयुक्त संप समितीत सामील झाली.

इतका दीर्घ संप टिकला कसा? परदेशातून, विशेषतः रशियातील कापड कामगारांच्या संघटनेकडून आलेल्या आर्थिक मदतीची चर्चा तत्कालीन सरकारी वर्तुळात पुष्कळ झाली. ती मदत खरी होती. पण दीड लाख कुटुंबांचा सहा महिन्यांचा निर्वाह तेवढ्यावर झाला असेल असे मानणे कठीण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून व देशावरून आलेल्या कामगारांचा गावाशी संबंध तुटलेला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर संप झाल्याने मोठ्या संख्येने कामगार पेरणीसाठी गावी गेले. जे मुंबईत राहिले त्यांना वाण्याची उधारी आणि संप समितीचे धान्यवाटप यांवर दिवस काढावे लागले. व्यवस्थापकाने ज्या चाळीची कधी दखल घेतली नव्हती, ती चाळ आणि ज्या गावाला तो बेशिस्तीचे कारण मानत आला होता, ते गावच या लढ्याची रसद ठरले.

संपाच्या एकजुटीबाहेर राहिलेला एक प्रश्न येथे नोंदविणे आवश्यक आहे. धोट्यातून धागा ओढण्यासाठी तो तोंडाने चोखावा लागे, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या खात्यात, प्रवेश मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये हा अन्याय कामगार नेत्यांपुढे ठामपणे मांडला. हा निर्बंध घालणारा केवळ व्यवस्थापक नव्हता. सहकारी कामगारांचीही त्यात सक्रिय भूमिका होती. ‘खात्यावर सत्ता कोणाची’ या प्रश्नाला जातीचे हे उत्तर आधीच दिले गेले होते, आणि कामगारांच्या नावाने बोलणाऱ्यांना ते पुरेसे बोचत नव्हते, असेच म्हणावे लागते.

नियमावलीचा वाद

वाटाघाटींच्या काळात मालक संघाने वेतनश्रेणीच्या प्रमाणीकरणाचा आराखडा आणि त्यासोबत सर्व गिरण्यांसाठी स्थायी आदेशांचा मसुदा पुढे केला. वेतन आराखड्यामुळे विणकरांच्या मजुरीत साडेसात टक्के घट होणार असल्याने त्यावर रणकंदन झाले, हे सर्वश्रुत आहे. स्थायी आदेशांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेलेले दिसते. वस्तुतः संघर्षाचा गाभा त्यांतच होता. काम सोडण्याची व काढून टाकण्याची पूर्वसूचना किती दिवसांची असावी, यंत्र बंद पडल्यास कामगाराला घरी पाठविता येईल काय आणि त्या वेळेची मजुरी कोणाची, गैरवर्तन कशाला म्हणावे, असे प्रश्न त्या कलमांत होते. तोपर्यंत ते प्रत्येक गिरणीत मास्तराच्या तोंडी हुकुमाने सुटत असत.

या वादात दोन्ही पक्षांची स्थिती चमत्कारिक होती. मालकांना आपला अधिकार कागदावर आणून पक्का करावयाचा होता. पण कागदावर आलेला अधिकार मोजता येतो आणि त्याची मर्यादाही विचारता येते, याचा त्यांना पुरता अंदाज नसावा. कामगार नेत्यांनी ही नियमावली गुलामीचा दस्तऐवज ठरवून तिला विरोध केला, आणि त्याच वेळी तिच्या एकेका कलमावर घासाघीस सुरू केली. ऑक्टोबर १९२८ च्या प्रारंभी तडजोड होऊन गिरण्या सुरू झाल्या. न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. या समितीसमोर मालकांच्या प्रतिनिधींना कामाच्या पद्धतीबद्दल कामगारांच्या प्रतिनिधींच्या प्रश्नांना सामोरे जावे लागले. स्थायी आदेशांची छाननीही तेथे कलमवार झाली. मास्तराच्या हुकुमाचे कारण विचारता येते, हे त्या दालनात प्रथमच इतक्या उघडपणे मान्य झाले.

गिरणी समित्या

समितीचे कामकाज चालू असताना गिरण्यांत वेगळेच वातावरण होते. युनियनची सभासदसंख्या १९२८ च्या अखेरीस पन्नास हजारांच्या पुढे गेली आणि गिरणीगणिक कामगारांच्या समित्या स्थापन झाल्या. या समित्यांचे प्रतिनिधी खात्यातील तक्रार घेऊन जॉबरला ओलांडून थेट मास्तराकडे जाऊ लागले. पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा होऊ लागली. एखाद्याला काढले की खाते बंद पडे, कधी काही तासांसाठी, कधी काही दिवसांसाठी.

व्यवस्थापकांची तक्रार अशी होती की, समझोता युनियनशी झाला असताना प्रत्येक खात्यातील चार माणसांशी पुन्हा का बोलावे? ती अगदीच निराधार नव्हती; अनेक बंद मध्यवर्ती नेत्यांना न विचारता होत आणि नेत्यांनाही ते आवरणे जड जाई. परंतु कामगारांच्या बाजूने पाहता, जॉबरच्या मध्यस्थीशिवाय साहेबाशी बोलण्याची ही त्यांची पहिलीच संधी होती. जॉबर मात्र दोहोंकडून कोंडीत सापडला. व्यवस्थापक त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करी, आणि समिती त्याचा अधिकारच नाकारीत असे. पुढील संपात अनेक जॉबरांनी मालकांची बाजू घेतली, त्याची बीजे या महिन्यांत आहेत.

२० मार्च १९२९ रोजी मीरत कट खटल्यात डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, आळवे, कासले यांना अटक झाली. समित्यांना आवर घालू शकणारे आणि मालकांशी बोलू शकणारे नेते एकाच वेळी नाहीसे झाले. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, वाडिया गटाच्या गिरण्यांतील बडतर्फीच्या वादावरून २६ एप्रिल १९२९ रोजी पुन्हा सार्वत्रिक संप सुरू झाला. पिअर्सन चौकशी न्यायालयाने त्याचा दोष युनियनवर ठेवला आणि सप्टेंबरमध्ये संप कोसळला. कामावर परतणाऱ्यांत समित्यांच्या कार्यकर्त्यांना जागा उरली नाही.

पुढील काळ

पराभवानंतरही जुनी व्यवस्था पूर्ववत झाली नाही, हे महत्त्वाचे. व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये जॉबरच्या भरतीपद्धतीवर कठोर टीका करून कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. मुंबई सरकारने १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला; मालक संघानेही आपला अधिकारी नेमला. १९३५ पासून बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आली, १९३६ च्या कायद्याने दंड व कपातीवर मर्यादा आल्या, आणि १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला. ज्या लेखी नियमांना १९२८ मध्ये कामगारांनी विरोध केला होता, त्याच नियमांच्या प्रमाणित प्रती पुढे कामगार संघटनांचे वकील बडतर्फीविरुद्ध न्यायालयात पुरावा म्हणून दाखवू लागले.

कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न मात्र कायद्याने वेगळ्या रीतीने सोडविला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा देण्याची तरतूद केली. कापडगिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. खात्यातील समितीला त्यात स्थान नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा वेतनवाढीच्या बरोबरीने हा कायदा रद्द करण्याची मागणी त्यांच्या यादीत होती. मालकांनी त्याच कायद्याकडे बोट दाखवून सामंतांशी बोलणी करण्यास नकार दिला, आणि तो संप कधीही औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही.