‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’: प्रेक्षकांना हा चित्रपट का रुचला नाही?

‘फायनल फँटसी’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेच्या नावाने हा विज्ञानकथापट २००१ साली आला. दिग्दर्शक होते गेमचे जनक हिरोनोबू साकागुची. हुबेहूब माणसांसारखी पात्रे संगणकावर घडवण्याचा पूर्ण लांबीच्या चित्रपटातला हा पहिला मोठा प्रयत्न. नायिका आकी रॉसचे केसच सुमारे ६०,००० होते.

दृश्यांचे कौतुक झाले. पण गेमच्या चाहत्यांना ओळखीची जादू आणि चोकोबो पक्षी दिसलेच नाहीत; दिसली ती २०६५ सालची उद्ध्वस्त पृथ्वी. इतरांना कथा क्लिष्ट वाटली, चेहरे निर्जीव वाटले. जवळजवळ माणसासारखे रूप पाहून येणाऱ्या या अस्वस्थतेला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात.

खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर, जगभरातली कमाई सुमारे ८.५ कोटी. चित्रपट बनवणारा होनोलुलूचा ‘स्क्वेअर पिक्चर्स’ स्टुडिओ त्यानंतर बंद झाला.