खाडीच्या काठीं वडिलांसह

कोंकणचा किनारा मोटारीनें पाहण्याची सोय जुनी नव्हे. सावित्री, वासिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्यांनीं वाट तोडलेली, प्रवास आगबोटीचा. बोट खोल पाण्यांत उभी राही, उतारू पडावांतून बंदरास लागत. पावसाळ्यांत लांबच्या फेऱ्या बंद. मुंबईजवळच्या मात्र चालत. त्यांतलीच रेवसची ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजीं बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

२००३ सालीं दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. मोटारीसह वासिष्ठी ओलांडतां येऊं लागली. ‘रामदास’ची वार्ता बालपणीं ऐकलेल्या वडिलांस घेऊन निघालांत, तर दिवसाला एकच खाडी ठेवावी. घाई कशाला? दाभोळ हें बहामनी काळचें बंदर. धक्क्यावर सावलींत बसूनहि तें पाहतां येतें. बोटींत केव्हां चढावयाचें, तें वडीलच सांगतील.