पोस्टमनच्या परसातलं झाड

अव्होकाडोची बी टूथपिकांवर टेकवून पाण्याच्या ग्लासात ठेवायची, हा प्रकार तुम्ही रील्समध्ये पाहिला असेलच. काही आठवड्यांत मूळ फुटतं, कोंब येतो. ‘आता फळं कधी?’ असं कुणी विचारलं की मी त्याला हासची गोष्ट सांगतो.

रुडॉल्फ हास हा कॅलिफोर्नियातला पोस्टमन. १९२६च्या सुमारास त्याने ला हाब्रा हाइट्स इथल्या आपल्या छोट्याशा जमिनीत अव्होकाडो लावायला घेतला. तेव्हा बाजारात नाव होतं ‘फुएर्ते’ या वाणाचं. १९११ साली मेक्सिकोतून आणलेल्या काड्यांपासून ते तयार झालं आणि १९१३च्या कडाक्याच्या थंडीत टिकलं. म्हणून फुएर्ते, म्हणजे स्पॅनिशमध्ये दणकट.

हासचा बेत साधा होता: बिया रुजवायच्या आणि रोपांवर फुएर्तेचं कलम बांधायचं. एका रोपावर मात्र कलम काही केल्या धरेना. तो नाद सोडणार होता, पण कलम बांधणाऱ्या जाणकाराने सांगितलं, रोप जोमदार आहे, वाढू दे. पुढे त्याला फळं लागली ती खडबडीत सालीची, पिकल्यावर काळी पडणारी. तुकतुकीत हिरव्या फुएर्तेपुढे ती कुरूपच. पण घरातल्या मुलांना त्यांचीच चव आवडली.

हापूसची कोय लावून हापूसच मिळेल याची खात्री नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. अव्होकाडोचंही तसंच. प्रत्येक बी नवा जुगार खेळते आणि निकाल कळायला अनेक वर्षं जातात. हासचं झाड म्हणजे नशिबाने लागलेलं रायवळ.

१९३५ साली त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं. पण बागायतदार एखादं कलम विकत घ्यायचे आणि त्याच्याच काड्यांनी अख्खी बाग उभी करायचे. पेटंटचे जेमतेम पाचेक हजार डॉलर हासच्या हाती लागले. पोटापाण्यासाठी तो टपालच वाटत राहिला. १९५२ साली तो वारला. पेटंटची मुदतही त्याच वर्षी संपली. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक चालतो तो ‘हास’. त्याचं प्रत्येक झाड, कलमामागून कलम, त्या एकाच झाडातून आलेलं.

ते मूळ झाड मुळं कुजण्याच्या रोगाने गेलं. २००२ साली ते तोडावं लागलं. म्हणून घरी लावताना पहिली काळजी पाण्याची: मुळं वरवर पसरतात, त्यांना ओल हवी, पण साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. चिकट माती असेल तर उंचवटा करून लावा. दुसरी गोष्ट फुलांची. अव्होकाडोचं फूल दोनदा उमलतं, आधी मादी म्हणून, मग नर म्हणून. हासचं फूल सकाळी मादी असतं, फुएर्तेचं दुपारी. एकटं झाडही फळतं, पण शेजारी दुसऱ्या गटातलं झाड असेल तर मधमाश्यांचं काम सोपं होतं आणि फळधारणा वाढते. फळ झाडावर मऊ होत नाही. तयार झालं की काढून घरात पिकवायचं.

आणि ग्लासातलं ते रोप? फेकू नका. ते खुंट म्हणून वाढवा, पेन्सिलीएवढं जाड झालं की चांगल्या वाणाची काडी बांधून घ्या. काडी हासची मिळाली, तर पैसे रोपवाटिकेला जातील. पोस्टमनचं निदान नाव तरी लक्षात असू द्या.