पुष्कराज

पुष्कराज : नवरत्नांपैकी पीतवर्णी रत्न, संस्कृत ग्रंथांतील पुष्पराग. खनिजदृष्ट्या हा कुरुविंदाचा पिवळा प्रकार असून माणिक व नीलम ही त्याची सख्खी भावंडे होत. बलासुराची त्वचा हिमालयावर पडून पुष्पराग उपजला, ही गरुडपुराणातील कथा प्रसिद्धच आहे. परंतु तीस लागूनच तोच पाषाण अतितांबडा असता पद्मराग आणि अतिनील असता इंद्रनील होतो असे जे विधान येते, ते केवळ डोळ्यांच्या कसोटीवर साधलेले अचूक निदान असल्यामुळे कथेहून अधिक विस्मयकारक मानावे लागेल. स्त्रियांस पुत्रलाभ हे त्याच्या धारणाचे विशेष फलही तेथेच सांगितले आहे.

कोकण किनाऱ्यावरील कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, काळ्या पाषाणात पुष्कराज सापडत नाही. या किनाऱ्यावर तो आला तो गलबतांतून. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचास उतरणाऱ्या मालात पोवळ्यांबरोबर एका सोनेरी खड्याची गणना आहे, आणि भडोचच्या दक्षिणेकडील बंदरांत याच जिल्ह्यातील चौलचेही नाव आहे. हा खडा बहुधा तांबड्या समुद्रातील झबरगद बेटावरचा हिरवट-पिवळा पाषाण असावा. म्हणजे आजच्या रत्नपारख्याच्या लेखी तो पुष्कराज नव्हेच. अलिबागनजीक नवगावास आपले पूर्वज उतरले असे मानणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या धर्मग्रंथातही महायाजकाच्या उरःपट्टावरील पहिल्या ओळीचे दुसरे रत्न ग्रीक भाषांतरकारांनी याच जातीचे ठरविले आहे.

भारतीय परंपरेत पुष्कराजाचा स्वामी बृहस्पती असल्याने विद्या, धर्मनिष्ठा, विवाह व संतती हे त्याचे प्रांत ठरले, आणि गुरुवारी, सोन्यात जडवून, तर्जनीत तो धारण करण्याचा प्रघात पडला. 1674 च्या शिवराज्याभिषेकासाठी कोशातील मोलाची नवरत्ने शोधून रायगडावरील बत्तीस मणांच्या सुवर्णसिंहासनास जडविल्याचे सभासद बखर सांगते. बत्तीस मणांचा आकडा जपूनच घ्यावा. पण सिंहासनावर नवरत्ने म्हणजे राजाभोवती नवग्रह, आणि त्यांत देवगुरूचा पुष्कराज म्हणजे सत्तेवर धर्माची मोहोर, हा संकेत दरबारातील कोणासही समजावून सांगावा लागला नसेल.

मोगल जवाहिरखान्याची दृष्टी निराळी, रोकडी होती. औरंगजेबाचे जडजवाहीर 1665 मध्ये पाहणाऱ्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने तेथील एका थोर पिवळ्या रत्नाचे वर्णन करताना ते गोव्यात 1,81,000 रुपयांस खरेदी झाल्याचे नमूद केले आहे. तो त्यास टोपाझ म्हणतो. टोपाझ हे कुरुविंदाहून निराळे खनिज असून त्याचे काठिण्य 8, तर पुष्कराजाचे 9 आहे. पेढीवर मात्र दोहोंस पुष्कराजच म्हणण्याची वहिवाट दीर्घकाळ चालली. ज्यांस अस्सल खडा परवडत नाही त्यांस ज्योतिषी ‘सुनेला’ नावाचे उपरत्न सुचवितात. तो 7 काठिण्याचा पिवळा स्फटिक होय. त्याचा पुष्कराजाशी रंगापलीकडे कसलाही संबंध नाही, आणि गुरूच्या प्रीत्यर्थ रंग पुरेसा मानला जातो.