युद्धकाळ, कायदा आणि एक मराठी पुस्तक

हिर्डोशी खोऱ्यातील मुलांना गडकिल्ले नवे नाहीत. भोरहून निघालेली वाट हिर्डोशीवरून वरंध घाटाला लागते, आणि घाटमाथ्यावर कावळ्या किल्ला उभा दिसतो. गडाचा दरवाजा बंद झाला, तरी मोठ्या दारातच एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असे. पारख करून माणूस आत घ्यावा वा बाहेर सोडावा, ही त्यामागची योजना. युद्धाच्या दिवसांत राज्यसंस्थेने नागरिकांच्या हक्कांची दारे किती बंद करावीत, या प्रश्नाचा विचार करताना ही दिंडी आठवते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले आणि २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली. भारत संरक्षण नियमांनुसार संशयित माणसाला खटला न चालवता स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ३ नोव्हेंबरच्या आदेशाने अशा स्थानबद्धांचा, घटनेच्या कलम २१ व २२ खाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्कही स्थगित झाला. लढाई महिन्याभरात थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली.

मग स्थानबद्धाला काहीच आधार उरला नाही काय? सप्टेंबर १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर दिले. तो निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. आणीबाणीत मूलभूत हक्कांच्या नावाने दाद मागता येणार नाही. परंतु हुकूम कायद्याला सोडून किंवा दुष्ट हेतूने काढलेला असेल, तर न्यायालय तो तपासू शकेल, असा त्याचा आशय होता. दार बंद झाले, पण दिंडी राहिली.

या दिंडीतून पुढे एक मराठी पुस्तक बाहेर पडले. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये सरकारने ती नाकारली. तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. पुस्तक केवळ शास्त्रीय असून देशाच्या संरक्षणाला त्यापासून धोका नाही, असे त्यांना आढळले आणि त्यांनी परवानगी दिली.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्धाला नियमांत दिलेल्या सवलतींपलीकडे काही मागता येत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. नियम म्हणजे मेहेरबानीची यादी नव्हे. त्या नियमांच्या मर्यादेतच सरकारला माणसाचे स्वातंत्र्य आवळता येते. जे कायद्याने काढून घेतलेले नाही, ते त्याच्याकडेच राहते. हा निकाल ६ सप्टेंबर १९६५ रोजी लागला. त्याच दिवशी भारतीय सेना लाहोर आघाडीवर सरहद्द ओलांडत होती. चारच दिवसांनी खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांना वीरमरण आले. सीमेवर जवान लढत असताना दिल्लीत न्यायालय एका स्थानबद्धाच्या वहीचा विचार करीत होते, आणि त्यामुळे देश दुबळा झाला नाही.

हेही लक्षात ठेवावे की या निकालाने संझगिरींची सुटका झाली नाही. ती मागणीच तेथे नव्हती. संकटकाळात काही बंधने सोसावी लागतात. प्रश्न एवढाच, की बंधन कायद्याचे आहे की अधिकाऱ्याच्या लहरीचे?

ही दिंडीही एकदा बंद झाली. तिसऱ्या आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने स्थानबद्धांची दाद ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे उभे राहिले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने १९७६ चा निकाल चुकीचा होता असे स्पष्ट केले.

पालकहो, आपल्या मुलांना देशावर प्रेम करायला शिकवताना देशाचा कायदाही वाचायला शिकवावे. विद्यार्थी मित्रांनो, गडाची राखण तटावरचा पहारेकरी करतो, तशी दिंडीची राखण जाणत्या नागरिकाने करावयाची असते. त्यासाठी शिक्षण हवे.