हळद, जखम आणि एक पेटंट

खरचटलं की आपल्याकडे आधी हळदीचा डबा उघडला जातो. हळदीच्या याच उपयोगाचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते, हे तुम्हाला माहीत आहे का? डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले गेले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

मात्र लक्षात घ्या, हा उपयोग ‘नवा नाही’ एवढेच त्यातून सिद्ध झाले. ‘प्रत्येक जखम हळदीने बरी होते’ असे नाही. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. त्यामुळे खोल जखम, भाजलेली त्वचा किंवा मधुमेह असताना पायाला झालेली जखम यांवर हळद भरू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.